पॉटीचं सामान घेण्याआधी टेप घ्या

मोठीच्या वेळी मी जी पॉटी आणली ती बदकाची होती. पिवळीधमक, डोळे फिरवणारी, आत थेंब पडला की गाणं वाजवणारी. १,४०० रुपये मोजले. लेक सव्वादोन वर्षांची होती. पहिल्याच दिवशी शू झाली, बदक खालून गायला लागलं आणि पोरगी जी किंचाळत उठली ती पुढचे तीन आठवडे त्या खोलीत पाय टाकेना.

सासूबाई तेव्हा गावाहून जळगावला आल्या होत्या. त्यांनी बदकाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हाई काय शे वं माय?" मी सांगितलं. त्या खाली बसल्या, नातीला समजावून चड्डीसकट त्यावर बसवलं, आणि म्हणाल्या, "तिना पाय टेकतस का?"

टेकत नव्हते. जमिनीपासून चांगले दोन बोटं वर लोंबकळत होते.

त्यानंतर दुसऱ्याच्या वेळी, आणि मग नणंदा-भावजयांच्या पोरांसाठी खरेदी करताना, मी हाच एक प्रश्न धरून बसले. बाकीचं सगळं नंतर.

पाय टेकण्याला एवढं महत्त्व का

शी होते त्या जागेच्या वर, आतड्याच्या शेवटाला, एक स्नायू पट्ट्यासारखा वळसा घालून असतो. उभं असताना तो मार्ग वाकवून धरतो, म्हणून शी आपोआप सुटत नाही. उकिडवं बसलं, गुडघे कमरेच्या वर आले, की तो सैल पडतो आणि वाट बरीचशी सरळ होते. पाय अधांतरी असले की मुलाला जोर लावायला आधार मिळत नाही. सगळं लक्ष पडू नये याच्यावर. मग ते कुंथतं, कंटाळतं, उठतं आणि दहा मिनिटांनी पडद्याआड जाऊन चड्डीत करतं.

आपल्या आज्या दोन पायांवर बाळाला बसवायच्या, स्वतः पाटावर बसून, आणि तोंडाने "शूऽऽ" करायच्या. तेव्हा बाळाला आपोआप उकिडवं बसणं आणि पाठीला आधार, दोन्ही मिळत. चांगलं साधन तेच काम करतं, फक्त आईच्या पायांना रग लागत नाही.

आधी मूल बघा

साधारण दीड ते तीन वर्षं या काळात बहुतेक मुलं तयार होतात. त्यात कुणी लवकर, कुणी उशिरा. शेजारणीचं पोर दीड वर्षात शिकलं म्हणून आपलं मागे पडलं असं काही नसतं. मी हे पाहते: दोन-दोन तास चड्डी कोरडी राहते का? शी आली की कोपरा गाठतं का, चेहरा लाल करून उभं राहतं का? "चप्पल आण" एवढं कळतं का? चड्डी खाली ओढता येते का? ओल्या चड्डीची त्याला किळस येते का? यातलं बरंचसं "हो" असेल तर खरेदीला निघायला हरकत नाही. नसेल तर महिनाभर थांबा. घरात नवं बाळ आलं असेल, घर बदललं असेल, आजारपण होऊन गेलं असेल, तरी थांबा.

मुहूर्ताबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्याकडे सगळ्या म्हणतात उन्हाळ्यात शिकवा, कपडे कमी, वाळतातही लगेच. पण खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, पाण्याची बोंब, त्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं. थंडीतही नको, धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो, तेव्हा पोर उघडं होऊन गार प्लास्टिकवर बसेल ही आशाच सोडा. होळी झाली की लगेच सुरू करा. महिना-दीड महिना निवांत मिळतो.

आता टेप काढा

शिवणाची टेप चालते. मुलाला पाटावर किंवा पायरीवर असं बसवा की तळवे पूर्ण टेकतील. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा. हा पहिला आकडा. माझ्या लेकीचा २१ सेंटिमीटर भरला होता. जमिनीवर ठेवायच्या पॉटीची बसायची उंची या आकड्याएवढी किंवा एक-दोन सेंटिमीटर कमी हवी. बदकाची २५ होती. खोक्यावर ती छापलेलीही होती, मी डोळे बघत बसले होते.

दुसरा आकडा घरातल्या संडासाचा. कमोड असेल तर जमिनीपासून सीटपर्यंतची उंची. ती बहुधा ४० सेंटिमीटरच्या आसपास असते. तीतून पहिला आकडा वजा करा. ४० वजा २१ म्हणजे १९. एवढ्या उंचीचं स्टूल पायाखाली हवं, एखाद-दोन सेंटिमीटर जास्त असलं तर आणखी चांगलं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर पाय ठेवायच्या दोन जागांमधलं अंतर मोजा, आणि भांड्याच्या कडेभोवती सपाट फरशी किती आहे तेही. कागदावर लिहा, फोनमध्ये फोटो ठेवा. दुकानात गेल्यावर आठवत नाही.

कुठल्या घराला काय

जमिनीवरची छोटी पॉटी सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांनाच सोयीची. पोर स्वतः जाऊन बसतं, पडायची भीती नाही, आणि आपण स्वयंपाक करता करता नजर ठेवू शकतो. घेताना आतलं भांडं वरून उचलून निघतं का ते बघा. ज्यात भांडं मागच्या खणातून ओढायचं असतं ते घेऊ नका; ओढताना हिसका बसतो आणि पुढचं तुम्ही समजून घ्या. भांड्याला खाचा, नक्षी, सांधे नकोत, तिथेच घाण साचते. आतून पांढरं असेल तर लघवीचा रंग कळतो, आणि उन्हाळ्यात पोर पाणी कमी पितंय हे सगळ्यात आधी तिथेच दिसतं. बूड रुंद हवं, खाली रबर हवं. मुलग्यांसाठी पुढे उंचवटा असतो, शू बाहेर उडू नये म्हणून. तो बुटका आणि गोल असावा. उंच, धारदार कडेचा असला तर बसता-उठता नेमक्या नाजूक जागी लागतो, आणि एकदा लागलं की पोर परत बसत नाही. सुरुवातीला मुलग्यांनाही शू बसूनच करू द्या, उभं राहणं नंतर बाबांकडे बघून येतं.

चाकं, हँडल, हॉर्न, गाणी, मोबाइल ठेवायचा स्टँड, यातलं काहीही नको. चाकाची पॉटी म्हणजे भरलेलं भांडं घेऊन हॉलभर फिरणारा ड्रायव्हर.

कमोडवर ठेवायची लहान सीट जागा खात नाही आणि रिकामं करायचं भांडंच नसतं. फ्लॅटमध्ये दुसऱ्या टप्प्यावर तीच बरी. पण कमोडचं तोंड गोल आहे की लांबट ते आधी बघा. सीट बसवून हाताने आडवी ढकला. सरकली तर परत करा. फोमची गादीवाली सीट पहिले दोन महिने छान वाटते, मग शिवण उसवते, आत लघवी मुरते आणि बाथरूमभर वास. साधं गुळगुळीत प्लास्टिक घ्या. शिडी जोडलेल्या सीटही मिळतात. आमच्या बाथरूमात ती उघडली की दार लागेना, आणि तिचे सांधे महिन्याभरात डुगडुगायला लागले.

स्टुलाचं मात्र मनावर घ्या. पाट फार बुटका पडतो. देवघरातला चौरंग मागायच्या भानगडीत पडू नका, माझ्यासारखं ऐकून घ्याल. मी सुताराकडे उरलेल्या फळ्यांचं करून घेतलं: २० सेंटिमीटर उंच, दोन्ही पाय ऐसपैस मावतील एवढं रुंद, आणि चारही पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकलेले. शहाबादी फरशी ओली झाली की साबणासारखी होते, ट्यूब तिला घट्ट धरते. तेच स्टूल हात धुवायला बेसिनपाशीही चालतं.

गावाकडच्या संडासाचं गणित निराळं. पायांच्या जागा मोठ्यांच्या मापाच्या, मधलं भोक काळं, वरून बादलीभर पाण्याचा धबाका. दोन वर्षांच्या पोराला आपण त्यात पडू असं वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही. यावर ठेवायचे चार पायांचे, मधे भोक असलेले प्लास्टिकचे स्टँड मिळतात. घ्यायचा असेल तर त्याचे चारही पाय सपाट फरशीवर येतात का हे मोजलेल्या आकड्यांवरून ताडून बघा. एखादा पाय भांड्याच्या उताराला लागला तर स्टँड कलंडतो. मला विचाराल तर वर्षभर साधी पॉटी वापरा, शी संडासात ओता, आणि ओतताना पोराला बघू द्या. पुढे पायांच्या जागांमधलं अंतर जिथे कमी असेल तिथे हात धरून बसवा. पाणी मात्र पोर बाहेर आल्यावर टाका. कमोडचा फ्लशही तसाच, उठल्यावर.

दुकानात

शक्य असेल तर पोराला सोबत न्या. जळगावच्या फुले मार्केटात मी धाकट्याला कपड्यांसकट चार पॉट्यांवर बसवून पाहिलं. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, घालू द्या. तळवे टेकले का बघा, मग एका कडेवर आपल्या हाताने जोर द्या. उलटत असेल तर पोर उठताना उलटणारच. शेवटी त्याला त्यातल्या दोन पॉट्यांमधून रंग निवडायला सांगा. धाकट्याने हिरवी उचलली आणि घरापर्यंत मांडीवर घेऊन आला. २५० रुपये. ऑनलाइन घेत असाल तर फोटोला भुलू नका, उंचीचा आकडा शोधा. तो दिला नसेल तर पुढे जा.

वापरलेली पॉटी मिळाली तर जरूर घ्या. चीर गेलेली नको, फोमची नको. साबणाने घासा, पाण्यात कालवलेल्या ब्लीचने पुसा, धुऊन वाळवा.

चड्ड्या आणि अंथरूण

पॉटीपेक्षा चड्ड्यांवर पैसे घाला. दहा तरी हव्यात, सुती, सैल इलॅस्टिकच्या. नाडी, बटणं, बेल्ट, डंगरी हे सगळं कपाटात. पोराला शी आली आहे हे कळणं आणि ती होणं यात फार थोडा वेळ असतो. तो नाडीत जाता कामा नये. लंगोट तान्ह्यासाठी उत्तम, पण तो आईने बांधायचा नि आईने सोडायचा. या वयात स्वतःचं स्वतः काढता येणं हाच अर्धा अभ्यास.

डायपरमधली जेल ओल लगेच शोषून घेते, म्हणून पोराला ओलं झाल्याचं कळतच नाही. चड्डीसारखे चढवायचे डायपरही त्याच जातीचे, ते प्रवासाला आणि रात्रीला ठेवा. दिवसा घरात मधे जाड सुती पट्टी असलेली ट्रेनिंग पॅन्ट चालते: फरशीवर तळं होत नाही, पण ओल लागते. विकतची महाग वाटली तर आजोबांच्या जुन्या धोतराच्या चार घड्या करून चड्डीत शिवा. कापसाच्या मुलखात सुती चिंध्यांना काय तोटा.

गादीसाठी वॉटरप्रूफ शीट हवीच, पण ती थेट पोराच्या अंगाखाली नको. आपल्या उन्हाळ्यात पाठ घामोळ्यांनी भरते. गादी, त्यावर शीट, वर सुती चादर. त्यावर परत शीट आणि वर जुनं लुगडं. रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची आणि झोपायचं.

पाणी कमी असताना धुणं

जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे पॉटी धुणं हाच खरा प्रश्न. एक युक्ती: बसवण्याआधी भांड्यात तळ झाकेल एवढंच पाणी घाला. शी चिकटत नाही, संडासात ओतली की सरळ जाते, मग एक तांब्याभर पाणी, साबण आणि वेगळा ब्रश पुरतो. हे धुणं भांडी घासायच्या मोरीत करू नका, एकच मोरी असली तरी संडासात करा. शी कागदात गुंडाळून उकिरड्यावर टाकायची सवय अजून दिसते. "लहान लेकराची शी, तिचं काय" हा समज चुकीचा आहे. जुलाब तिच्यातूनही तसेच पसरतात. शेवटी साबणाने २० सेकंद हात, आईचे आणि पोराचे दोघांचे.

बोअरच्या क्षाराने भांड्यावर पांढरा थर चढतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा, निघतो. संडासाचं ॲसिड पॉटीला लावू नका, आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. धुतलेली पॉटी सावलीत वाळवा. मेमध्ये गच्चीवर ठेवलेलं प्लास्टिक कडक होऊन चिरतं, आणि चुकून तसंच पोराला बसवलं तर चटका बसतो.

धुवायला छोटा, कानाचा मग ठेवा. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा, म्हणजे शीतले जंतू लघवीच्या जागी जात नाहीत. जेटची धार पोरं घाबरतात; वापरायचीच तर आधी हातावर खेळू द्या.

बसवण्याचा रिवाज

पहिले चार-पाच दिवस पॉटी नुसती दिसू द्या, बाहुलीला बसवा, कपड्यांवर बसू द्या. मग वेळ ठरवा. जेवल्यावर आतडी आपोआप हालचाल करू लागतात, म्हणून खाणं झालं की १५-२० मिनिटांनी बसवा; सकाळी उठल्यावर आणि झोपण्याआधीही. तीन ते पाच मिनिटं. झालं नाही तर "बरं, नंतर" म्हणून उठवा. अर्धा तास कोंडून ठेवलेलं पोर पॉटीचा सूड घेतं. हातात मोबाइल दिला तर ते तासभर बसेल, पण कशासाठी बसलंय हेच विसरेल.

आणि घरात एक शब्द ठरवा. आमच्याकडे आजी "संडासले" म्हणायची, मी "शी", प्लेग्रुपच्या बाई "पॉटी". पोरगी तिघींकडे बघत उभी राहायची. झाल्यावर टाळ्या पुरतात, फार तर भिंतीवर एक टिकली चिकटवू द्या. दर वेळी चॉकलेट दिलं तर दिवसाला सहा वेळा थेंब-थेंब वसुली होते. सांडलं तर पुसायचं फडकं पोराच्याही हातात द्या, ओरडू नका.

शी खडा होत असेल तर

अशा वेळी कुठलंही साधन चालणार नाही. एकदा दुखलं की पोर दाबून धरतं, दाबल्याने आणखी कडक होते, आणखी दुखतं. आधी शी मऊ करा. पाणी, डाळ, पपई, तूप लावलेली कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, बिनतिखटाचं भरीत. केळी चालतात, पण पूर्ण पिकलेली, सालीवर काळे ठिपके आलेली. कच्चट केळ्याने उलट घट्ट होते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या केळीच्या जिल्ह्यात राहून पोराला हिरवट केळं भरवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर कमी करा, त्याने पोट भरतं आणि जेवण मागे पडतं. एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ घालायचा घरगुती उपाय करू नका, आतली कातडी फार नाजूक असते. औषध डॉक्टरांना विचारूनच.

आखाजीचा प्रवास

घडी पडणाऱ्या सीट बिजागरीपाशी मांडी चिमटतात. मी धाकट्याची हिरवी पॉटीच पिशवीत घालून सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीने नेली. आत प्लास्टिकची पिशवी लावली, गाठ मारून पुढे संडासापाशी रिकामी केली. चार चड्ड्या, ओल्यांसाठी वेगळी पिशवी, पाण्याची बाटली, साबणाची वडी. गाडीच्या हलत्या संडासात दोन वर्षांच्या पोराला बसवण्यापेक्षा हे बरं. माहेरी झोके, भावंडं आणि आंबे यांच्या नादात पोर दोन-चार दिवस विसरतंच. परत आलं की जुना रिवाज सुरू करा, चार दिवसांत जागेवर येतं.

रात्रीचं वेगळं

दिवसाचं जमलं म्हणून रात्रीचं जमेलच असं नाही. झोपेत लघवी धरणं शरीराच्या वाढीवर असतं, शिकवण्यावर नाही. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं अगदी सर्वसाधारण, त्यानंतरही अनेकांचं हळूहळू सुटतं. पाचनंतर काळजी वाटली तर दाखवून घ्या. झोपताना एकदा शू, वरची जोडी अंथरलेली, बस.

डॉक्टरांकडे लगेच जायचं ते अशा वेळी: शीत रक्त, लघवी करताना रडणं किंवा सोबत ताप, दिवसभर थेंब-थेंब गळणं, चार-पाच दिवस शीच न होणं. चांगलं शिकलेलं पोर अचानक पुन्हा ओलं करू लागलं आणि त्याच वेळी तहान खूप वाढली, वजन उतरलं, तर साखर तपासायला त्याच दिवशी न्या.

बदक मी नात्यातल्या तिघींना देऊ केलं होतं. तिघींनीही आधी उंची विचारली. आता ते गावाकडे ओट्यावर आहे. सासूबाईंनी त्याच्या बुडाला भोक पाडून कोरफड लावली आहे.